परदेशातून दिसणारा स्वदेश

जो मनुष्य स्वदेश सोडून गेला त्याने स्वदेशाच्या सार्वजनिक जीवनावर अभिप्राय द्यावा की नाही, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून वरचेवर निघतो, आणि बहुधा तो भांडणाच्या रूपानेच निघतो. एखाद्या दिवाळी अंकात अमेरिकेत स्थायिक झालेल्या गृहस्थाचा लेख येतो. त्यात येथील नगरपालिका, निवडणुका, जातवार बांधलेली मते, परीक्षांतील लबाडी या सर्वांचा समाचार घेतलेला असतो. तो वाचून एक वाचक म्हणतो, ‘माणूस खरे बोलतो आहे’. दुसरा म्हणतो, ‘तिकडे बसून बोलायला काय जाते?’ घरातलाच मुलगा किंवा पुतण्या परदेशी असला म्हणजे तर हा वाद अधिकच नाजूक होतो. कारण मग विचाराचा प्रश्न मागे पडून मानापमानाचा प्रश्न पुढे येतो. प्रस्तुत लेखात हा वाद साहित्याच्या अंगाने पाहावयाचा आहे. परदेशस्थाचे स्वदेशचिंतन हा आपल्या वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकार आहे, त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक परंपरा आहे, आणि इतर प्रकारांप्रमाणे त्यातही सकस लेखन कोणते व पोकळ कोणते हे ठरविण्यास काही कसोटी असावयास पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पोकळ लेखनाचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग फिर्यादीचा. तेथे लोक रांगेत उभे राहतात, येथे राहत नाहीत. तेथील रस्ते स्वच्छ, येथे उकिरडे. तेथील अधिकारी वेळेवर जागेवर सापडतो, येथला चहास गेलेला असतो. ही तुलना बहुधा खोटी नसते. परंतु ती वाचून वाचकाच्या ज्ञानात भर कोणती पडली, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. कारण उकिरडा वाचकाच्या दारापुढेच आहे व तो त्याला रोज दिसतो. दुसरा वर्ग उसाशांचा. यात गाव असते, वेशीतला पिंपळ असतो, पोळ्याचे बैल असतात, आजीच्या हातची ज्वारीची भाकरी असते. मात्र त्या गावात सावकार नसतो, पाण्यासाठी कोसभर जाणाऱ्या बाया नसतात आणि गावकुसाबाहेरची वस्ती तर नसतेच नसते. फिर्यादी लेखकास गावात काही चांगले दिसत नाही आणि उसासे टाकणाऱ्यास काही वाईट आठवत नाही. तथापि दोघांचा दोष वस्तुतः एकच आहे. आपण सोडून आलो तेथील माणसे जशी वागतात तशी ती का वागतात, हा प्रश्न दोघांनीही स्वतःस विचारलेला नसतो.

उदाहरण शोधण्यास फार दूर जावयास नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी मिरजेहून लातुरास आली. कुर्डुवाडी, बार्शी, मुरुड या मार्गाने ती आली. ही वार्ता जगभर गेली आणि परदेशस्थ मराठी मंडळींनी त्या वेळी पुष्कळ लिहिले. त्या लेखनाचा सारांश असा की, दुष्काळी मुलखात ऊस लावणे हा वेडेपणा आहे. हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही; येथील जाणत्या माणसांनीही तो घेतलेला आहे. पण दुरून दोष दिसला तरी त्या दोषाची पकड दिसत नाही. उसाचा रास्त व किफायतशीर दर सरकार दरवर्षी बांधून देते आणि माल घेण्यास कारखाना ठरलेला असतो. तुरीस व सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो खरा, परंतु बाजारात माल नेल्यावर तो पदरात पडेलच असे नाही. ज्याला मुलीचे लग्न करावयाचे आहे आणि सोसायटीचे कर्ज फेडावयाचे आहे, तो चार एकरांचा धनी पाण्याचा हिशेब न करता पैशाच्या खात्रीचा हिशेब करतो. त्याला वेडा म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी समजून घ्यावयास हवा. मग त्यास वेडा म्हणावे किंवा त्या हिशेबास त्याला भाग पाडणाऱ्या धोरणास म्हणावे.

यावरून आमची कसोटी वाचकांच्या ध्यानात आली असेल. परदेशी गेल्याने मनुष्यास एक लाभ निश्चित होतो: जी गोष्ट घरी श्वासासारखी सहज वाटे ती तेथे चमत्कारिक वाटू लागते आणि म्हणून दिसू लागते. परंतु दिसणे ही अर्धीच मजल झाली. त्या गोष्टीने आपल्या समाजास कोठे व कसे धरून ठेवले आहे याचा शोध घेणे ही उरलेली अर्धी, आणि ती अधिक अवघड. कारण त्या शोधासाठी परदेशातील दृष्टीबरोबर घरातील आठवणही जागी ठेवावी लागते. परदेशस्थाच्या लेखनाचे मोल या दुसऱ्या मजलेवरून ठरवावे. ही कसोटी आपल्या तीन थोर परदेशस्थांच्या लेखनास लावून पाहू.

पहिल्या पंडिता रमाबाई. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८८ च्या अखेरीस तेथून निघाल्या आणि १८८९ च्या आरंभी मुंबईस परतल्या. या अवधीतील त्यांची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. १८८७ साली फिलाडेल्फिया येथे त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. ते अमेरिकन वाचकांपुढे हिंदू विधवेचे दुःख मांडते आणि त्यांच्याकडे साहाय्य मागते. १८८९ साली मुंबईस त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते मराठी वाचकांपुढे अमेरिकेची राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मादाय संस्था व स्त्रियांची स्थिती मांडते. लेखिका एकच, काळ जवळजवळ एकच. परंतु वाचक बदलताच पुस्तकाचे तोंड फिरले. परक्यांशी बोलताना घरचे दोष उघडे केले आणि घरच्यांशी बोलताना परक्यांचे गुण सांगितले.

या दोहोंत मराठी पुस्तक आम्ही श्रेष्ठ समजतो, आणि त्याचे कारण भाषाभिमान नव्हे. इंग्रजी पुस्तकातील वाचकास त्यातले विधान पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. तो दया करू शकत होता, प्रतिवाद करू शकत नव्हता. मराठी पुस्तकात रमाबाई उपदेश थोडा करतात आणि संस्थांची रचना पुष्कळ सांगतात. तेथील स्त्रियांनी सभा कशा स्थापल्या, पैसा कसा जमविला, मद्यपाननिषेधासारख्या कामात हजारो स्त्रिया कशा गुंफल्या, हे सर्व एखाद्या घराची बांधणी समजावून सांगावी तसे त्या सांगतात. ‘त्या पुढारलेल्या व तुम्ही मागासलेल्या’ असे म्हणून त्या थांबत नाहीत. ‘असे केले म्हणजे असे होते’ हे दाखवितात. शिवाय ज्या देशाने त्यांचे एवढे स्वागत केले त्या देशाचा गुलामगिरीचा इतिहास आणि मूळ रहिवाशांवर तेथे झालेला अन्याय त्या झाकून ठेवीत नाहीत. ज्या डोळ्यांनी घरचे दोष पाहिले त्याच डोळ्यांनी पाहुणचार करणाऱ्याचेही दोष पाहणे ही या वाङ्मयप्रकारातील प्रामाणिकपणाची पहिली खूण होय, आणि आजच्या बहुतेक परदेशस्थ लेखनात नेमकी तीच आढळत नाही.

दोन वाचकवर्गांशी दोन भाषांत बोलण्याची ही अडचण पुस्तकांपुरती राहिली नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले ते बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. पुढे सदन पुण्यास गेले, मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटला, ‘केसरी’ने कडक टीका केली आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. त्या वादात कोणाची बाजू किती न्याय्य होती याचा निवाडा येथे करावयाचा नाही. एवढेच म्हणावयाचे की, ज्याला परक्याच्या औदार्याचा व घरच्यांच्या विश्वासाचा एकाच वेळी हिशेब द्यावा लागतो त्याची स्थिती फार कठीण असते, आणि पुण्याच्या टीकाकारांनी सदनाविषयी शंका घेतली तरी विधवांना शिकविण्याची गरज त्यांनाही शेवटी नाकारता आली नाही. परदेशातून आणलेल्या विचाराचे यश बहुधा असेच असते: आणणारा माणूस वादात सापडतो आणि विचार हळूच घरात येऊन बसतो.

दुसरे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. १९०६ साली ते अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात शिकले. १९०९ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पुढील भाग, हिंदुत्वाच्या घडणीवरचा व भवितव्यावरचा निबंध, १९११ साली लंडनला निघाला. परदेशी गेलेल्या हिंदी विद्यार्थ्यापुढे त्या काळी दोन मार्ग असत. जातीविषयी कोणी छेडले म्हणजे एक तर तिचे समर्थन करावयाचे, नाही तर लाजेने मान खाली घालून तिचा निषेध करावयाचा. केतकरांनी दोन्ही मार्ग सोडले. मनुस्मृती हा त्यांनी सनातन शब्द मानला नाही आणि शिव्या देण्याचा विषयही मानला नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीचा पुरावा म्हणून त्यांनी ती तपासली. ग्रंथाच्या पूर्ण नावातच ही भूमिका नोंदलेली आहे. ज्या नियमास काळ आहे त्यास इतिहास आहे, आणि ज्यास इतिहास आहे ते पालटू शकते, हा या भूमिकेचा अर्थ तरुण वाचकास पुष्कळ व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवून जातो.

परंतु या ग्रंथाची मर्यादाही दूरस्थपणाचीच आहे. इथाकाच्या ग्रंथालयात मनुस्मृती होती, गाव नव्हते. स्मृतिकारास समाज कसा असावा असे वाटे हे स्मृतीवरून कळते; समाज कसा होता हे त्यावरून अनुमानानेच काढावे लागते. अंतर पडल्याने केतकरांस तटस्थता लाभली, आणि त्याच अंतरामुळे त्यांचा पुरावा पोथीपुरता राहिला. या उणिवेची भरपाई त्यांनी १९१२ साली परतल्यावर आयुष्यभर केली. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड हे ज्ञान मराठीत आणण्याचे प्रचंड काम होते, आणि १९२६ च्या ‘परागंदा’पासून पुढे लिहिलेल्या कादंबऱ्यांत त्यांनी जातीच्या कडेला फेकल्या गेलेल्या माणसांचे प्रश्न मांडले. त्या कादंबऱ्यांची भाषा खडबडीत आहे हा आक्षेप जुना आहे व तो रास्तही आहे. पण दुर्गा भागवतांसारख्या चिकित्सक लेखिकेस १९६७ साली त्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, हेही विसरू नये. आपले मत केतकरांनी स्वतःच्या संसारावरही लागू केले. १९२० साली त्यांनी एडिथ कोहन या परदेशी विदुषीशी विवाह केला, तो व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू करून घेऊन. त्याच शीलवतीबाई केतकर होत. परदेशात बनलेले मत घरी आणून त्याची किंमत स्वतः मोजणे, हे पुस्तक लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे.

तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केतकरांच्या ग्रंथानंतर सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, त्याच न्यूयॉर्क राज्यात, कोलंबिया विद्यापीठातील प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. तो १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. त्यांचेही वय त्या वेळी पंचवीसच होते. या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले या युरोपियन पंडितांबरोबर केतकरांच्या व्याख्येची चिकित्सा आहे, आणि केतकरांविषयी आदर ठेवूनही ती चिकित्सा निर्भीड आहे. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: जातीत जन्मलेलेच जातीचे सभासद, आणि जातीबाहेर विवाहास बंदी. आंबेडकरांनी दाखवून दिले की ही लक्षणे दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह बंद केला की जन्माखेरीज आत येण्याचा मार्ग आपोआपच बंद होतो. दोन मराठी तरुण आपल्या गावापासून हजारो कोस दूर आपल्याच समाजाच्या गाठीविषयी असा वाद घालतात, आणि त्यात एकही शब्द हमरीतुमरीचा नाही, हे चित्र मराठी वाचकाने अभिमानाने आठवावे असे आहे.

निबंधाचे खरे बळ मात्र याच्या पुढे आहे. जातीतल्या जातीतच विवाह करावयाचा तर विवाहयोग्य स्त्रिया व पुरुष यांची संख्या सम राहिली पाहिजे. नवरा आधी मेला तर त्याची विधवा आणि बायको आधी मेली तर तिचा विधुर ही त्या व्यवस्थेस अडचण होते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली त्या अडचणीतून निघालेल्या आहेत, असे आंबेडकरांचे प्रतिपादन आहे. कोणा एका स्मृतिकाराने कायदा करून जाती निर्माण केल्या हे सोपे उत्तर ते स्वीकारीत नाहीत. एका वर्गाने दार लावून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, काहींना तर दार बाहेरून लागलेले आढळले, असे ते सांगतात. वाचकांनी पाहावे की, सती, विधवा, बालवधू या गोष्टी परदेशी पंडितांसही ठाऊक होत्या. त्यांची त्यांनी वर्णने केली होती, निंदाही केली होती. परंतु त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत आणि समाजास धरून ठेवण्याचे कोणते काम करतात, हे उलगडण्यास घरातून निघालेला मनुष्यच हवा होता. ज्यास आम्ही पकडीचा शोध म्हणतो तो हाच.

या निबंधात लेखकाने स्वतःचे दुःख सांगितलेले नाही. अभ्यासवर्गाची शिस्त सांभाळून ते त्यांनी बाजूस ठेवले. पण त्यांच्या चिकित्सेचा विषय घरी त्यांची वाट पाहत होता. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर, कोलंबियात समानतेने राहिलेल्या या विद्वानास जातीपायी राहण्यास जागा मिळेना, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले ते मराठीत. त्याच वर्षी अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला गेले आणि पत्र इतरांच्या हाती चालू राहिले. न्यूयॉर्कला इंग्रजीत पंडितांसाठी जे तपासले होते, ते आता मराठीत ज्यांचे त्यांना सांगावयाचे होते. आणि ज्यांच्याविषयी लिहावयाचे तेच वाचणार असल्यामुळे प्रत्येक शब्दाची जबाबदारी वाढली होती.

तिघांच्या लेखनात असा एक समान धागा आहे. तिघांनीही आरंभी इंग्रजीत परक्या वाचकांपुढे घरचा विषय मांडला आणि तिघेही लवकरच मराठीकडे वळले. ज्यास उलट उत्तर देता येते अशा वाचकापुढे आपले मत ठेवणे, हा त्या वळण्याचा खरा अर्थ. घरचा वाचक सांगू शकतो की, ‘तुमचा हा तपशील चुकला, आमच्याकडे असे नाही.’ परका वाचक हे सांगू शकत नाही. तो एक तर हळहळतो किंवा टाळ्या वाजवितो, आणि या दोहोंपैकी कशानेही लेखकाचा विचार सुधारत नाही.

मुरुड-लातूरकडील वाचकास ‘परदेश’ शब्दाचा अर्थ समजावून घेण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बार्शी-सोलापूर इंग्रजी हद्दीत. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातुरास पोहोचली. त्या गाडीने मुरुडास बसलेला उतारू बार्शीस उतरला की राज्य बदले, दरबारी भाषा बदले आणि सभेचा कायदाही बदले. संस्थानात सार्वजनिक सभेस परवानगी लागे, स्टेट काँग्रेसवर १९३८ साली स्थापनेबरोबरच बंदी आली, आणि कारभारावरील उघड टीका छापावयाची तर ती संस्थानाबाहेर छापणे भाग पडे. १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत कितीएक कुटुंबे घरदार टाकून सरहद्दीपलीकडे परागंदा झाली. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘विखुरलेला’ असा आहे. ही विखुरलेली माणसे बाहेरून आपल्या गावच्या कारभाराविषयी बोलत व लिहीत. ‘तुम्ही तर गेलात, आता तुम्ही कशाला बोलता?’ असे त्यांस गावकऱ्यांनी विचारले नाही. कारण आत राहिलेल्यांस बोलताच येत नव्हते, आणि बाहेर गेलेल्याचा आवाज हाच त्यांचा आवाज होता.

१९३१ साली हैदराबादेस मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष डॉ. केतकर होते, ही घटना या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या शहरातील उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात होते, म्हणजे देशी भाषेतून सर्व शास्त्रे शिकविता येतात हे जेथे सिद्ध केले जात होते, त्याच शहरात, मराठीत ज्ञानकोश रचणारा हा परदेशी शिकून आलेला विद्वान अध्यक्षपदी बसला. मराठवाड्याच्या घराघरांत बोलली जाणारी भाषा त्या विद्यापीठाच्या शिक्षणाचे माध्यम नव्हती. देशी भाषेचा विचार तर मान्य, पण ती देशी भाषा कोणाची, हा प्रश्न तेथे न विचारताच उभा होता. मराठी मुलखातल्या या माणसांना राजकीय सभा भरविणे कठीण होते. साहित्याच्या सभेत त्यांना निदान आपली भाषा उच्चरवाने ऐकता आली.

आता काळ पालटला आहे. आज आतल्या माणसास बोलण्याची मुभा आहे. म्हणून केवळ धीटपणाबद्दल परदेशस्थास मान देण्याचे कारण उरलेले नाही. त्याने काही अधिक आणले पाहिजे. येथे एक आक्षेप निघेल की, रमाबाई, केतकर व आंबेडकर तिघेही परत आले. जे परत येणार नाहीत त्यांना बोलण्याचा अधिकार कोठून? आम्ही हा आक्षेप मान्य करीत नाही. आमच्या वर्गांतून उठून पुण्यास, बंगळुरास आणि तेथून पुढे अमेरिकेस गेलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांनी परतावे अशी इच्छा करणे निराळे आणि परतल्याखेरीज त्यांनी तोंड उघडू नये असे म्हणणे निराळे. कायद्याने या प्रश्नाचे एक मधले उत्तर दिले आहे. २०१० साली लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकास आपल्या गावच्या मतदारयादीत नाव नोंदविता येते; मात्र मत देण्यास त्याने स्वतः मतदानकेंद्रावर आले पाहिजे. दुसऱ्याच्या हाती मत सोपविण्याची सवलत देणारे विधेयक लोकसभेने २०१८ साली मंजूर केले होते, पण १९१९ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे २०१९ साली, लोकसभा विसर्जित होताच ते रद्द झाले. मत हवे असेल तर पाय येथे लागले पाहिजेत, असा या तरतुदीचा भाव आहे. मतपेटीस हा नियम योग्य असेल. लेखणीस तो लावता येणार नाही. लेखणीस लावावयाचा नियम उत्तरदायित्वाचा आहे, परतण्याचा नव्हे.

उत्तरदायित्व म्हणजे काय हेही स्पष्ट केले पाहिजे. लेखकाने दोष सांगताना ते काम कोणत्या कचेरीचे, नियम कोणता, पैसा कोठून येतो व कोठे अडतो, हे सांगावे. तुलना करावयाची तर ज्या देशात राहतो तेथील दोषही त्याच मापाने मोजावे. गाव आपण सोडले त्या दिवशीच थांबले असे मानू नये. गावात शाळा झाल्या, मुली शिकल्या, नवे कज्जे व नवे धनी उभे राहिले, याची खबर घ्यावी. आणि ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांना वाचता येईल अशा भाषेत व अशा ठिकाणी लिहावे. १९८१ साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून तेथील मराठी मंडळींनी आपली भाषा व आपले उत्सव जपण्याचे पुष्कळ काम केले आहे. उत्सवाइतकीच आस्था त्यांनी या चिकित्सेविषयी दाखविली तर तिचा लाभ आम्हांस होईल.

शेवटी घरच्या वाचकाविषयी. आपल्या पुष्कळ कुटुंबांत परदेशस्थाचा पैसा चालतो, त्याचे मत चालत नाही. घराचा मजला चढविण्यास, बहिणीच्या लग्नास, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारास त्याने हात पुढे करावा. पण ग्रामपंचायतीच्या कामाविषयी त्याने विचारले की, ‘तुला इकडचे काय कळते?’ हे व्यवहारास सोयीचे असेल, न्यायाचे नाही. त्याचे चुकत असेल तर कोठे चुकते ते त्यास सांगावे. आकडा चुकला तर आकडा द्यावा, कारण कळले नसेल तर कारण सांगावे. आंबेडकरांनी केतकरांस दिले तसे उत्तर, आदराने आणि मुद्द्यास धरून, आपणही देऊ शकतो. ज्या समाजात बाहेर गेलेला विचारतो आणि आत राहिलेला उत्तर देतो, त्या समाजाचे सार्वजनिक जीवन दोघांच्याही डोळ्यांखाली राहते. विचारणाऱ्याचे तोंड बंद केले म्हणजे आपल्या दारापुढचा उकिरडा नाहीसा होत नाही. त्याविषयी बोलणारा तेवढा एक माणूस कमी होतो.